दगडखाणीचा ढीग आणि मातीची पारख

जुन्नर-आंबेगावच्या दगडखाणींतून निघतो तो काळा पाषाण, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनी लाव्हाचा खडक. पाषाणापर्यंत पोचण्यासाठी आधी वरची माती, तिच्याखालचा मुरूम आणि कुजका खडक काढून बाजूला ढीग रचावा लागतो. खाण बंद झाल्यावर जमीन पुन्हा झाडाझुडपांखाली आणायची, तर याच ढिगातून काय वर पसरायचे आणि काय तळाशी गाडायचे, हे ठरवावे लागते.

त्यासाठी प्रत्येक थराचा नमुना वेगळा घेतात. २ मिलिमीटरच्या चाळणीवर राहणारे गोटे किती, हे आधी पाहतात, कारण मुळांना अन्नपाणी मिळते ते खाली पडलेल्या बारीक मातीतून. मग पोत, सामू, क्षारता, सोडियम आणि सेंद्रिय कर्ब तपासतात. विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रतिमीटरच्या वर गेली तर माती क्षारयुक्त मानली जाते. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्यांहून कमी असेल तर ती भुकेली समजावी.

कोळशाच्या खाणीत भीती आम्लाची असते. तिथल्या काही थरांतले लोहगंधकाचे खनिज हवा-पाण्याशी आले की आम्ल तयार होते. पाषाणाच्या ढिगात हा धोका क्वचितच. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असल्याने सामू उदासीन किंवा अल्कधर्मी राहतो. मात्र तो फार चढला की लोह आणि जस्त पिकाला मिळत नाही.

इथली खरी अडचण पाण्याची आणि उताराची आहे. मुरुमातून पाणी निसटते, तर काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते आणि उतारावर जाड थर दिला तर घसरते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर मुसळधार पावसात डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. ती खाण नव्हती. पण पाण्याने भरलेली भुसभुशीत माती तीव्र उतारावर किती घातक ठरते, हे तिथे दिसले. म्हणून ढिगाला टप्पे पाडून खाली निचऱ्यासाठी मुरूम आणि वर माती असा क्रम ठेवतात. पश्चिमेच्या घाटपट्ट्यात निचरा आणि धूप यांना महत्त्व, तर पूर्वेच्या कमी पावसाच्या भागात ओल धरणाऱ्या मातीच्या जाडीला.

वरची माती मात्र पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी लागते. उंच ढिगात ती वर्षानुवर्षे पडली की आतले बी आणि जिवाणू मरतात. म्हणून ढीग बुटका ठेवून त्यावर गवत किंवा ताग पेरतात आणि शक्य तितक्या लवकर माती वापरतात.

माती कमी पडली तर मुरूम सुधारता येतो. चंद्रपूरजवळच्या पद्मापूर कोळसा खाणीच्या ढिगावर नागपूरच्या नीरी संस्थेने साखर कारखान्यातला उसाच्या रसाचा गाळ म्हणजे प्रेसमड, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांशी राहणारी बुरशी वापरून झाडे वाढवली. जुन्नरच्या विघ्नहर आणि आंबेगावच्या भीमाशंकर कारखान्यांमुळे प्रेसमड इथेही जवळच मिळते. ते चांगले कुजवूनच घालावे.

तपासणीअंती ढिगाचे तीन भाग होतात: थेट पसरण्याजोगा, खत घालून सुधारण्याजोगा आणि फक्त खड्डा भरण्याजोगा. लागवडीनंतर सामू आणि कर्ब पुन्हा तपासून ही वर्गवारी बरोबर होती का, ते पाहतात.