विमानाचा जिना

नाशिकजवळ ओझर येथील विमानतळावर एटीआर ७२ जातीचे विमान येऊन थांबले, की त्याच्या शेपटीकडील दार बाहेर कलते व खाली येते. पाहावे तो त्या दाराच्या आतल्या अंगासच पायऱ्या! एअरबससारखे मोठे विमान आले म्हणजे मात्र चाकांची शिडी आणून त्याच्या दाराशी लावावी लागते. लहानाजवळ स्वतःचा जिना आहे आणि मोठ्याजवळ नाही, हे नवलच नव्हे काय?

पूर्वी कित्येक मोठ्या विमानांतही जिना असे. इंडियन एअरलाइन्सने १९६४ साली कॅराव्हेल ही फ्रेंच जेट विमाने वापरात आणली. त्यांच्या शेपटीखालून जिना उतरे. बोइंग ७३७ ची युक्ती निराळी. त्याचे दार जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंच. ज्या विमानांत जिना बसविलेला असे, त्यांच्या पुढील दाराखाली एक झडप असे. ती उघडली, की घडी घातलेला जिना विजेच्या मोटारीने बाहेर सरके, उलगडे आणि जमिनीस टेके. त्यामुळे शिडी नसलेल्या आडगावच्या विमानतळावरही त्याचे काही अडत नसे.

मग अनेक कंपन्यांनी हे जिने काढून का टाकले? मुख्य कारण वजन. जिना, कठडे व मोटार मिळून भार एका माणसाहून कितीतरी अधिक होतो. जिन्याचा उपयोग भूमीवर काही मिनिटांचा. पण त्याचे ओझे प्रत्येक उड्डाणात हजारो मीटर उंच न्यावे लागते आणि त्यासाठी इंधन जळते. ब्रह्मगिरी चढणारा मनुष्य वाटेत न लागणारी वस्तू पाठीवर घेतो काय? शिवाय यंत्र म्हटले की बिघाड आलाच. बाहेर आलेला जिना आत जाईना, तर विमान जागीच अडकून पडावयाचे. मोठ्या विमानतळांवर शिड्या आणि इमारतीतून थेट विमानात नेणारे पूल झाले, तेव्हा जिन्याची गरजच उरली नाही.

बोइंग ७२७ च्या शेपटीखालील जिन्याची कथा तर विलक्षण आहे. १९७१ साली अमेरिकेत एका इसमाने असे विमान पळविले, खंडणी उकळली आणि विमान आकाशात असतानाच तो जिना उघडून हवाईछत्रीच्या साहाय्याने उडी घेतली! त्याचा पुढे पत्ता लागला नाही. तिकिटावर त्याने कूपर हे नाव दिले होते. त्यानंतर या विमानांना एक लहानशी पाती बसविण्यात आली. विमान वेगात असताना वाऱ्याच्या जोराने ती फिरते व जिना अडवून धरते. तिचे नाव ‘कूपर पाती’ असेच पडले.

सर्वांनीच जिने टाकले, असे मात्र नाही. आयर्लंडच्या रायनएअर कंपनीने आपल्या बोइंग ७३७ विमानांत ते ठेवले. शिडीची वाट न पाहता प्रवासी उतरतात व विमान लवकर परत निघते. एटीआरचे पंख धडाच्या वर असल्यामुळे धड जमिनीलगत राहते. त्यामुळे मोजक्या पायऱ्या पुरतात आणि दार तेच जिना असल्याने भारही फारसा वाढत नाही. तरीही चाकांच्या खुर्चीवरील प्रवाशास त्या मोजक्या पायऱ्याही चढता येत नाहीत. त्याच्यासाठी उतरता रॅम्प किंवा उचलणारे यंत्र जमिनीवरूनच आणावे लागते.