मुशीचा हिशेब बांगड्याच्या मापाने नको

पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात येणाऱ्या मुशीच्या अंगावर शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं, तर ते काचपेपरवर घासल्यासारखं लागतं. तिचे खवले म्हणजे बारीक दातच असतात. कल्ल्यांना झाकण नाही, दोन्ही बाजूंना पाच-पाच चिरा. सांगाडा सगळा कूर्चेचा. कोकणात मोरी म्हणतात ती हीच, आणि चित्रपटांनी बदनाम केलेल्या ग्रेट व्हाइट शार्कची ठेवणही अशीच. पण या शार्कच्या कुळाचं खरं वेगळेपण दातांत नाही, जननात आहे. बांगडा हजारोंनी अंडी सोडतो आणि एक-दोन वर्षांत पुढची पिढी तयार होते. ग्रेट व्हाइटची मादी मात्र एका खेपेला मोजकीच पिल्लं देते. पोटात ती न फळलेली अंडी खाऊन वाढतात आणि जन्मताच सव्वा ते दीड मीटर लांब असतात. 1950-60च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचा कार्बन या शार्कच्या मणक्यांतल्या वलयांत सापडला. त्यावरून त्यांचं आयुष्य सत्तरीपर्यंत जातं हे कळलं. पश्चिम अटलांटिकमधली मादी वयात यायला सुमारे 33 वर्षं लागतात. असा प्राणी माशापेक्षा हत्तीच्या हिशेबात बसतो. मोठ्या माद्या गेल्या की ती तूट भरायला काही दशकं जातात.

यावर कोणी म्हणेल, ग्रेट व्हाइट आपल्या किनाऱ्याची रहिवासी नाही, आणि आपली छोटी मुशी तर एक-दोन वर्षांतच वयात येते. ते खरं आहे. तिचं अंडं मोहरीहून लहान, जेमतेम एक मिलिमीटरचं. पुढे गर्भ नाळेतून आईच्या रक्तावर पोसला जातो आणि वीतभराहून लहान असतानाच जन्मतो. पण जाळं जात बघत नाही. त्याच जाळ्यात हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कची पिल्लंही येतात. त्यांच्यातल्या काही जाती आज जगभर अतिसंकटग्रस्त आहेत, आणि एकदा तुकड्या झाल्या की कोणती कोणाची ते ओळखू येत नाही. दुसरा आक्षेप मच्छीमारांच्या पोटाचा, आणि तो रास्त आहे. म्हणूनच संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापणाऱ्याला भरपाई देण्याची महाराष्ट्राची 2018पासूनची योजना मोलाची आहे. नुकसान एकट्या मच्छीमाराच्या माथी मारून समुद्र राखता येणार नाही. गिऱ्हाइकाचाही यात वाटा आहे. मुशी घ्यायची तर कापण्याआधी अख्खी बघा, आणि डोकं हातोड्यासारखं दिसलं तर ती घेऊ नका.