कापसाचा ट्रक आणि धावपट्टीपुढचा रस्ता

कापसाच्या गाठींचा ट्रक कसा असतो, हे वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. हिंगणघाट, आर्वीकडच्या प्रेसमधून गाठी एकावर एक रचून, दोरखंड आवळून ट्रक निघाला की मागची सायकल आपोआप रस्त्याच्या कडेला होते. असाच एक ट्रक २६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास औरंगाबादच्या विमानतळालगतच्या बीड रस्त्यावरून चालला होता. त्याच वेळी इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान ११८ माणसे घेऊन मुंबईकडे निघाले. धावपट्टी संपते तिथून हा रस्ता जेमतेम सव्वाशे मीटरवर. विमान पुरेसे उचलले गेले नव्हते. त्याची चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग गाठींवर आदळला. तसेच ते पुढे गेले, सुमारे तीन किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांत सापडले आणि कोसळले. ५५ माणसे गेली.

चौकशी झाली. तिने दोन कारणे दिली. पहिले, वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि ते चुकीच्या पद्धतीने उचलले. हे कारण सगळ्यांच्या लक्षात राहिले. दुसरे कारण मात्र फारसे कोणी सांगत नाही. विमानांच्या वेळी बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची व्यवस्था राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती, असे चौकशीने स्पष्ट म्हटले. म्हणजे रस्त्यावर चार वाहने पाच मिनिटे थोपवून धरली असती, तर वैमानिकाची चूक झाली तरी वाटेत ट्रक आला नसता. ट्रकवाल्याने कोणता गुन्हा केला होता? रस्ता उघडा होता, तो चालला होता.

यात अवघड असे काही नाही. स्पेनच्या टोकाला असलेल्या जिब्राल्टरमध्ये तर शहराचा मुख्य रस्ता धावपट्टीलाच छेदून जातो. विमान यायचे-जायचे झाले की तिथे आपल्या रेल्वे फाटकासारखे अडसर पडत आणि सगळी वाहने मुकाट्याने उभी राहत. २०२३ साली मोटारींसाठी धावपट्टीखालून बोगदाच उघडला. आपल्याकडे फाटक पडलेले असताना दांड्याखालून सायकल वाकवून नेणारा शहाणा ठरतो आणि थांबणाऱ्याला लोक हसतात. हे लहान मुले बघत असतात.

अपघातानंतर आपल्या तोंडी हमखास येणारे शब्द कोणते? ‘वेळ आली होती.’ ‘नशिबात होते.’ धम्म स्वीकारलेल्या घरांतूनही हे शब्द अजून गेलेले नाहीत, हे कटू असले तरी खरे आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची चिकित्सा केली आहे. गरिबांच्या दैन्याची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याखेरीज या सिद्धांताचा दुसरा हेतू दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हाच निकष अपघाताला लावून पाहा. मेलेल्याच्या नशिबात होते असे एकदा म्हटले की रस्ता उघडा कोणी ठेवला, हा प्रश्न विचारायचे कारणच उरत नाही. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे कारणावाचून कार्य नाही. मग कारण शोधायचे ते आभाळात नव्हे, बीड रस्त्यावर. व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. मजूर जिथे जीव धोक्यात घालतो ती जागा त्यांनी आत जाऊन पाहिली.

जपानचे उदाहरण घेण्याजोगे आहे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपान एअरलाइन्सचे विमान डोंगरावर आदळून ५२० माणसे मेली. कंपनीने २००६ मध्ये त्या विमानाचे मोडके अवशेष एका दालनात मांडले आणि आपल्या कर्मचाऱ्यांना ते दाखवून शिक्षण द्यायला सुरुवात केली. आपली नामुष्की अशी उघडी मांडायला धाडस लागते. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा धावपट्टीवर याच कंपनीचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. तटरक्षक विमानातले पाच जण मृत्युमुखी पडले. मोठ्या विमानातले ३७९ जण मात्र सामान मागे टाकून जिवंत बाहेर आले. जपान बौद्ध देश आहे म्हणून हे घडले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ५२० प्रेते पाहिल्यावर ते हे शिकले.

आपल्याकडे शिकवणारे नव्हते असेही नाही. कॅप्टन मोहन रंगनाथन यांनी २०११ मध्येच लेखी कळवले होते की, पाऊस असताना आणि वारा पाठीमागून वाहत असताना कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर उतरणे धोक्याचे आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी अगदी अशाच पावसात, अशाच वाऱ्यात एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळले. २१ जण मेले.

हे सारे विमानवाल्यांचे, आपले काय, असे वाटेल. तर पुलगाव आठवावे. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी दारूगोळा भांडाराच्या सोनेगाव-आबाजीकडील मैदानात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते. विमानात बसणारा तिकीट काढून, आपल्या मर्जीने बसतो. पेटी उचलणाऱ्या मजुराला त्या पेटीत काय आहे, किती अंतरावर उभे राहायचे, हे कोणी समजावून सांगितले पाहिजे आणि त्याला ‘मी हे काम करणार नाही’ म्हणण्याची सोय पाहिजे. घरी चूल पेटायची असेल तर ती सोय कुठून येणार? ‘नशीब’ हा शब्द सर्वांत स्वस्तात वापरला जातो तो याच माणसांसाठी.

नागपूरच्या विमानतळाला २००५ पासून बाबासाहेबांचे नाव आहे. आपली मुले-मुली तिथून पुण्याला, बंगलोरला, परदेशी कामाला जाऊ लागली आहेत. म्हातारी आई त्यांच्याकडे पहिल्यांदा निघाली की आपण तिला लोणच्याची बरणी आणि शाल बांधून देतो. सोबत एवढेही सांगावे: पट्टा विमान थांबेपर्यंत सोडायचा नाही, बाहेर पडायचे दार आपल्यापासून किती रांगा पुढे-मागे आहे ते बसल्या बसल्या मोजून ठेवायचे, आणि पळायची वेळ आली तर बरणी तिथेच सोडायची.