लहान वाहन, मोठा भार : ओढण्यामागील शास्त्र

मराठवाड्यातील हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. वसमत परिसरातील ऊस व हळद, तसेच जिल्ह्यातील सोयाबीन व कापूस यांची वाहतूक प्रामुख्याने रस्त्यानेच होते. शेतरस्त्यावर एखादा ट्रक बंद पडला वा काळ्या मातीत रुतला, की गावातील डिझेल पिकअप मदतीस बोलाविण्यात येते. एवढेसे वाहन आपल्याहून पाच-सहा पट जड ट्रक कसे ओढते, आणि कोठे त्याची ताकद संपते, हे प्रत्येक चालकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

सपाट डांबरी रस्त्यावर चाकावरील वाहन ओढण्यास त्याच्या वजनाच्या मानाने फारच थोडे बल लागते. दर टनास साधारणतः १० ते १५ किलो बल पुरते. म्हणजे १० टनांचा ट्रक १०० ते १५० किलो बलाने सरकत राहतो. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतही चाक फिरविण्याची चांगली ताकद देते आणि पहिला गिअर ती अनेक पटींनी वाढवितो. त्यामुळे हे काम पिकअपला सहज जमते.

वीसास एक असा चढ लागताच मात्र त्याच ट्रकसाठी ५०० किलो बल अधिक लागते. मऊ चिखलात तर दर टनास १०० किलो वा त्याहूनही अधिक, म्हणजे एकूण हजार किलोंच्या वर बल लागू शकते. येथे इंजिनापेक्षा चाकांची पकड आधी हार खाते. रिकाम्या पिकअपच्या मागील चाकांवर सुमारे ८५० किलो भार असेल, तर कोरड्या डांबरावर त्या चाकांना सुमारे ६०० किलो ओढ पेलते. ओल्या काळ्या मातीत ती २०० किलोंच्याही खाली येते. म्हणून रुतलेल्या ट्रकचा माल आधी उतरवावा, चाकांपुढील माती उकरून फळ्या वा दगड घालावेत आणि पिकअप शक्यतो कठीण जमिनीवर उभी करावी. पिकअपमध्ये मर्यादेतील वजन भरल्यास पकड वाढते.

ओढणे जमले तरी थांबविणे हा खरा प्रश्न आहे. ताशी २४ किलोमीटर वेगाने जाणारी रिकामी पिकअप कोरड्या रस्त्यावर सुमारे ४ मीटरांत थांबते. मागील ट्रकचे ब्रेक चालत नसतील आणि एकूण वजन सातपट झाले असेल, तर त्याच ब्रेकांवर हे अंतर २५ मीटरांच्या पुढे जाते. दोरखंड वापरला असेल, तर तोवर ट्रक पिकअपवर येऊन आदळतो. बंद इंजिनाच्या ट्रकमध्ये हवेचा दाब हळूहळू संपतो, स्टिअरिंगही जड होते. काही वाहनांत दाब संपताच ब्रेक आपोआप लागतात. अशा वाहनास जबरीने ओढू नये.

दोर ढिला ठेवून झटका देणे सर्वांत घातक होय. झटक्याचे बल संथ ओढीच्या कित्येक पट होते आणि तुटलेली वायर चाबकासारखी उसळते. दोर चासीवरील हुकास बांधावा, बंपरास नव्हे. पहिल्या गिअरमध्ये सावकाश ताण आणावा व माणसांना दोराच्या रेषेपासून दूर ठेवावे. ट्रक दूरवर ओढायचा असल्यास त्याचा प्रोपेलर शाफ्ट सोडवावा. इंजिन बंद असता गिअरबॉक्सला वंगण मिळत नाही.

१९८९ च्या रस्ता नियमांत ओढण्याचा वेग ताशी २४ किलोमीटर, दोन वाहनांतील अंतर जास्तीत जास्त ५ मीटर, आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या चालकाच्या जागी परवानाधारक व्यक्ती असावी, अशी तरतूद होती. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली; तरी या तरतुदींमागील शहाणपण आजही तेवढेच खरे आहे. चढ, उतार वा वाहतुकीचा महामार्ग असेल, तेथे क्रेन बोलाविणे हिताचे. तिचे भाडे एका जिवाच्या मोलापुढे नगण्य आहे.