कापडाच्या शहरांतला अणू

सुरतजवळच्या पलसाणा-कडोदरा पट्ट्यातल्या प्रोसेस हाउसमध्ये पॉलिस्टर रंगते ते बंद जेट मशिनमध्ये, दाबाखाली, सुमारे १३० अंशांना. उष्णतेने धाग्याची घट्ट रचना सैल होते, रंगाचे रेणू आत शिरतात आणि मशिन थंड झाले की तिथेच अडकतात. साडी लाल दिसते ती मात्र त्या रेणूंतल्या इलेक्ट्रॉनांमुळे. ते ठरावीक ऊर्जेचाच प्रकाश शोषतात. निळा-हिरवा गिळला जातो, उरलेला लाल डोळ्यांपर्यंत पोहोचतो. धुळे-नंदुरबारहून ताप्ती रेल्वे लाइनने सुरतेला आलेल्या कितीतरी मराठी कुटुंबांचे पोट या कापडधंद्यावर आहे.

इलेक्ट्रॉनला ठरावीकच ऊर्जा का चालते? हे कोडे सुटण्याची वाट ज्या गावातून गेली, तेही कापडाचेच. मँचेस्टर.

तिथल्या साहित्य आणि तत्त्वज्ञान मंडळापुढे जॉन डाल्टनने २१ ऑक्टोबर १८०३ रोजी अणुभारांचा पहिला तक्ता वाचला. अणू म्हणजे न फुटणारा कण, प्रत्येक मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा, एवढेच त्याचे म्हणणे. पाण्याचे सूत्र त्याने चुकवले, पण ठरावीक प्रमाणात संयोग होतो ही कल्पना टिकली. वापी-अंकलेश्वरच्या कारखान्यांत रंग बनवताना आजही माल त्याच हिशेबाने मोजला जातो. गंमत अशी की डाल्टन स्वतः रंगांध होता. लाल रंग त्याला धड ओळखता येत नसे. जपून ठेवलेल्या त्याच्या डोळ्याची जनुकीय तपासणी १९९५ साली झाली, तेव्हा ते पक्के झाले.

न फुटणारा अणू १८९७ साली फुटला. केंब्रिजच्या जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि १९०४ मध्ये कलिंगडासारखा अणू मांडला: धनभाराच्या गरात इलेक्ट्रॉनच्या बिया. त्याच वर्षी जपानच्या नागाओकाने शनीच्या कड्यांसारखी रचना सुचवली. तिच्याकडे फार कुणी लक्ष दिले नाही.

पुन्हा मँचेस्टर. १९०९ साली रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कणांचा मारा करत होते. बहुतेक कण आरपार गेले, पण हजारोंतला एखादा चक्क मागे फिरला. कलिंगडाच्या गरातून असे होणे शक्य नव्हते. ७ मार्च १९११ रोजी रदरफोर्डने निष्कर्ष सांगितला तो डाल्टनच्याच मंडळापुढे: अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान मधल्या सूक्ष्म केंद्रकात आहे, बाकी पोकळी.

पण या रचनेत भोवती फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश सोडत क्षणार्धात केंद्रकात कोसळायला हवा. १९१२ मध्ये काही महिने मँचेस्टरला राहिलेल्या नील्स बोरने पुढच्या वर्षी तोडगा काढला. इलेक्ट्रॉनला ठरावीक पातळ्याच मोकळ्या; एकीवरून दुसरीवर जाताना तेवढीच ऊर्जा घ्यायची किंवा टाकायची. हायड्रोजनच्या वर्णरेषा हुबेहूब जुळल्या, हेलियमपाशी गणित अडले. १९२६ साली श्रोडिंगरच्या समीकरणाने कक्षाच काढून टाकल्या. उरला इलेक्ट्रॉन सापडण्याच्या शक्यतांचा ढग. रंगाच्या मोठ्या रेणूचे गणित याच समीकरणाने मांडावे लागते. शाळेच्या पुस्तकांत मात्र बोरच्या गोल कक्षा अजून ठाण मांडून आहेत, आणि पहिल्या ओळखीला त्या वाईट नाहीत.

केंद्रकाची गोष्ट पलसाण्याच्या पूर्वेला, तापी जिल्ह्यात काकरापारच्या अणुवीज केंद्रात भेटते. रदरफोर्डचा मँचेस्टरचा विद्यार्थी जेम्स चॅडविक याने १९३२ साली न्यूट्रॉन शोधला. १९३९ मध्ये बोर आणि व्हीलर यांनी केंद्रकाला द्रवाच्या थेंबासारखे मानून दाखवले की मंद न्यूट्रॉनने फुटते ते युरेनियम-२३५. नैसर्गिक युरेनियममध्ये ते जेमतेम ०.७ टक्के. म्हणून नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या काकरापारला जड पाणी लागते: ते न्यूट्रॉनांचा वेग उतरवते आणि त्यांना फारसे गिळत नाही.

सिद्धान्त कितीही नेमका असला तरी नळ्या गंजतात. ११ मार्च २०१६ रोजी इथल्या पहिल्या अणुभट्टीत एका नळीतून जड पाणी गळले; भट्टी बंद करून नळ्या बदलाव्या लागल्या आणि ती २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. शेजारी ७०० मेगावॅटच्या दोन स्वदेशी भट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांतली दुसरी ३१ मार्च २०२४ पासून व्यावसायिक वीज देऊ लागली. जुन्या दोन धरून चारही भट्ट्यांची मिळून क्षमता आता १,८४० मेगावॅट आहे.