वाढीव वॉरंटी : सही कोणत्या दिवशी करावी?

नोव्हाय (मिशिगन) : परवा तासगावहून भाच्याचा फोन आला. तो सांगलीच्या शोरूममध्ये बसला होता. ऑन-रोड किमतीच्या कागदावर एक्स्टेंडेड वॉरंटीची एक ओळ होती. "मामा, घेऊ का?" मी म्हणालो, "आज सही करू नकोस." असे का म्हणालो, ते सांगण्यासाठी हे पत्र.

डेट्रॉईटच्या आसपास गाडीवाचून पान हलत नाही. इथे गाडीचा भाव ठरला की ग्राहकाला फायनान्सच्या खोलीत नेतात आणि कर्जाच्या कागदांबरोबर वाढीव वॉरंटीही पुढे ठेवतात. कायद्याच्या भाषेत ती वॉरंटी नसतेच. कंपनीची वॉरंटी गाडीच्या किमतीतच येते. वेगळे पैसे मोजून घेतो तो 'सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट', म्हणजे दुरुस्तीचा करार. हा फरक 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने केला आहे. बाहेरच्या गॅरेजात ऑइल बदलले, एवढ्यावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, हेही त्याच कायद्यामुळे.

पहिल्या गाडीच्या वेळी मीही त्याच खोलीत सही केली होती. हिशेब नंतर मांडला. समजा, करार 2,400 डॉलरचा आहे आणि तो सहा वर्षांच्या, सात टक्क्यांच्या कर्जात घातला; तर फेड सुमारे 2,950 डॉलर होते. इथे बहुतेक गाड्यांना तीन वर्षे किंवा 36,000 मैल, म्हणजे सुमारे 58,000 किलोमीटर, कंपनीचीच वॉरंटी असते. इंजिन-गिअरबॉक्सला बहुधा पाच वर्षे. बऱ्याच करारांची मुदत गाडी घेतल्या दिवसापासूनच मोजतात. म्हणजे ज्या काळात दुरुस्ती फुकट होणारच आहे, त्या काळासाठीही व्याजासकट पैसे जातात.

या धंद्याच्या नावावर फसवणूकही मोठी झाली. "तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आली आहे" असे यंत्राचे फोन 2021 मध्ये अवघ्या तीन महिन्यांत पाचशे कोटींवर गेले. त्याबद्दल अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने 2023 मध्ये सुमारे 30 कोटी डॉलरचा दंड ठोठावला.

मग घ्यावी केव्हा? कंपनीची वॉरंटी संपायच्या दोन-तीन महिने आधी. तोवर आपले रनिंग कळते, गाडीच्या खोडी कळतात आणि ती किती वर्षे ठेवायची तेही ठरते. चार वर्षांत विकणार असाल, तर घेऊ नका. आठ-दहा वर्षे ठेवणार असाल आणि इलेक्ट्रॉनिक्सने भरलेली गाडी असेल, तर घ्या. पण गाडीच्या कंपनीचीच.

तासगावच्या बागायतदाराला यातले मर्म वेगळे सांगायला नको. हवामानावर आधारित फळपीक विम्यात बाग हातची गेली, तरी हवामान केंद्राचे आकडे अटीत बसले नाहीत तर भरपाई मिळत नाही. वॉरंटीतही ब्रेक पॅड, क्लच, टायर अशा झिजणाऱ्या वस्तू सहसा येत नाहीत. विम्याच्या अर्जासारखी हिलाही शेवटची तारीख असते.

आपल्याकडेही कंपनीची वॉरंटी वाढते आहे. मारुतीने जुलै 2024 पासून ती तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर केली. वाढीव वॉरंटी उशिरा घेतली तर भाव चढतो, हे खरे. म्हणून शोरूममध्ये तीन गोष्टी लेखी मागा : आजचा भाव, मुदत संपतानाचा भाव आणि न येणाऱ्या भागांची यादी. तो कागद घरी नेऊन वाचा आणि मगच सही करा.