विश्लेषण : गुलमर्गला बर्फ आहे, मग स्कीइंग का होत नाही?

गुलमर्गला २२ ते २५ फेब्रुवारी २०२५ या काळात होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. त्या ९ ते १२ मार्चला झाल्या. स्पर्धेला दोन आठवडे थांबता आले. पण शनिवार-रविवारला एक रजा जोडून मुंबई-पुण्याहून निघालेल्या दहा-बारा जणांच्या ग्रुपला थांबता येत नाही. विमानाची तिकिटे काढलेली असतात, हॉटेलला आगाऊ पैसे गेलेले असतात. ‘बर्फ आहे, या’ असा निरोपही आलेला असतो. तो निरोप खोटा नसतो, पण बर्फ असणे आणि स्कीइंगजोगा बर्फ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बर्फ उशिरा का पडतो आहे?

काश्मीरमधला हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे हे वादळी पट्टे हिमालयाला अडतात आणि बर्फ टाकतात. ते दुबळे पडले किंवा उत्तरेकडून निघून गेले, की थंडी असते पण बर्फ नसतो. जानेवारी २०२४ मध्ये नेमके हेच झाले आणि ऐन हंगामात गुलमर्गच्या मैदानावर गवत दिसत होते. २१ डिसेंबरपासूनच्या ४० दिवसांना काश्मिरात ‘चिल्लई कलान’ म्हणतात. या कडाक्याच्या थंडीत पडलेला बर्फ टिकतो. फेब्रुवारीच्या अखेरीस पडलेला बर्फ दिसायला तेवढाच असला, तरी ऊन वाढल्याने लवकर वितळतो.

हा केवळ गुलमर्गचा प्रश्न नाही. काठमांडूच्या ‘इसिमोड’ या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४-२५ च्या हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालयात जमिनीवर टिकून राहिलेला बर्फ सरासरीपेक्षा २३.६ टक्के कमी होता. हा २३ वर्षांतला नीचांक होता आणि सरासरीपेक्षा कमी बर्फाचे हे सलग तिसरे वर्ष होते.

सहा इंच बर्फ पुरत नाही का?

फोटोला पुरतो, स्कीला नाही. ताजा बर्फ बहुतांशी हवाच असतो. एका घनमीटरमध्ये साधारण १०० किलो बर्फ भरतो. दाबून घट्ट केलेल्या उतारावर तेवढ्याच जागेत सुमारे ४०० किलो बसतो. गवताळ, सपाट उतारावरही किमान ३० सेंटीमीटर घट्ट थर लागतो, असे ढोबळमानाने धरले जाते. म्हणजे ताजा बर्फ एक मीटरहून जास्त पडायला हवा. खडकाळ जागी त्याहूनही अधिक. सहा इंच बर्फ दाबला, की जेमतेम दीड इंच उरतो. त्याखालचा दगड स्कीच्या तळाला खरवडतोच, पण स्की तिथे अचानक अडकते आणि सगळा भार गुडघ्यावर येतो.

पातळ थराचे दिवसभरात रूपही बदलते. दुपारी वितळलेले पाणी रात्री गोठते आणि सकाळी उतार काचेसारखा होतो. नवशिक्याला पहिल्या तासात स्कीची टोके जवळ आणून वेग कमी करायला शिकवतात. या काचेवर ती युक्ती चालत नाही, कारण स्कीची कड रुतत नाही. दुपारी त्याच उतारावर चिखलासारखा ओला बर्फ असतो आणि त्यात स्की वळत नाही. शिकण्याजोगा वेळ मधला दोन-तीन तासांचाच.

आधी फटका नवशिक्यांनाच का?

उत्तर उंचीत आहे. गुलमर्गचे मैदान सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडूरीला, म्हणजे सुमारे ३,०८० मीटरवर सोडतो, तर दुसरा अफरवटला सुमारे ३,९५० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणून मैदानावर ३ अंश असतील तेव्हा अफरवटला उणे ५ असू शकतात. खाली पाऊस आणि वर बर्फ असेही होते.

आता शिकायचे उतार कुठे आहेत पाहा. ते सगळ्यात खाली, गोल्फच्या मैदानालगत आहेत. तिथे हॉटेले जवळ, उतार सौम्य, पडले तरी गवतच. त्यामुळे बर्फ कमी झाला की पहिल्यांदा हेच उतार जातात. शेवटपर्यंत टिकतो तो अफरवटचा बर्फ, जो पहिल्यांदा पायात स्की घालणाऱ्यासाठी नाहीच. खाली सगळ्यांची कमाई थांबते. शिकवणारे, स्लेज ओढणारे, टंगमर्गला गमबूट-कोट भाड्याने देणारे असे सगळेच रिकामे बसतात.

ग्रुपमध्ये याच टप्प्यावर गडबड होते. दोघे-तिघे आधी स्कीइंग केलेले असतात. त्यांना वर जायचे असते. बाकीच्यांना ‘इतक्या लांब आलोच आहोत तर’ म्हणून सोबत नेले जाते.

वर जायला हरकत काय?

नजारा पाहून गोंडोलानेच परत यायला काहीच हरकत नाही. स्की घालून उतरणे हे वेगळे प्रकरण आहे. अफरवटचा बहुतेक भाग यंत्राने सारखा केलेला आखीव मार्ग नाही, तो उघडा डोंगर आहे.

इथे एक उलटी वाटणारी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कमी बर्फाचा हिवाळा हिमस्खलनाच्या दृष्टीने सुरक्षित असतोच असे नाही. थर पातळ असला की खालची जमीन तुलनेने उबदार आणि वरची हवा अतिथंड, असा फरक थोड्याच सेंटीमीटरांत येतो. त्यामुळे तळच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे कण बनतात, जे एकमेकांना धरत नाहीत. नंतर जोरदार बर्फवृष्टी झाली, की नवा जड थर या साखरेवर बसतो आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाच्या वजनानेही सुटू शकतो. २०२४ मध्ये कोरड्या जानेवारीनंतर फेब्रुवारीत जोरदार बर्फ पडला. २२ फेब्रुवारीला अफरवटवर परदेशी स्कीअर्सचा एक गट हिमस्खलनात सापडला आणि एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला.

यंत्राने बर्फ करता येणार नाही?

२०२२ चे बीजिंग हिवाळी ऑलिम्पिक जवळपास पूर्णपणे यंत्राच्या बर्फावर झाले. उत्तराखंडातल्या औलीतही अशी यंत्रे बसवली आहेत. तरीही फेब्रुवारी २०२३ मधली तिथली राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाली. यंत्राला भरपूर पाणी आणि वीज तर लागतेच, शिवाय हवा कोरडी व उणे दोन-तीन अंशांच्या खाली असावी लागते. हिवाळाच उबदार झाला तर यंत्र काय करणार?

बुकिंग करताना काय विचारावे?

‘बर्फ आहे का’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. शिकायच्या उतारावर दाबलेला थर किती सेंटीमीटर आहे, हे विचारावे आणि ते हॉटेलला नव्हे, शिकवणाऱ्याला विचारावे. हिमस्खलनाचा इशारा चंडीगडची ‘डीजीआरई’ ही संरक्षण संशोधन संस्था देते. जम्मू-काश्मीरचे आपत्ती व्यवस्थापन खाते तो जिल्हावार जाहीर करते. निघण्याआधी तो पाहावा. मनालीचा बेत असेल आणि सुमारे २,५०० मीटरवरचे सोलंग कोरडे असेल, तर अटल बोगद्यापलीकडे सुमारे ३,१०० मीटरवरच्या सिस्सूला बर्फ मिळण्याची शक्यता जास्त असते. मात्र रस्ता उघडा आहे का, ते आधी विचारावे लागते.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. बर्फ नसल्यास प्रशिक्षण आणि साहित्याचे पैसे परत मिळणार की तारीख बदलून मिळणार, ही पहिली. दुसरी विम्याची. अनेक साध्या प्रवास विमा पॉलिसींत साहसी खेळातली दुखापत धरलेली नसते, ती वेगळा हप्ता भरून जोडावी लागते. बर्फ पडला नाही म्हणून सहल रद्द केली, तर त्याची भरपाई सहसा मिळत नाही.